भाड्याचा रॅम्प

नाशिकच्या हॉटेलवाल्यांची मनं फार मोठी आहेत, एवढं योगिनीला फोनवर कळलं. दारं मात्र लहान होती आणि दारापुढे पायऱ्या. "रॅम्प आहे का?" असं विचारलं की पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "तीन-चारच तर पायऱ्या आहेत मॅडम. आपली पोरं आहेत ना, उचलून घेतील." जसं काही गव्हाचं पोतं येणार होतं. बाथरूमचं दार किती रुंद आहे, या प्रश्नावर एकजण म्हणाला, "आतून कडी लागते ना, मग झालं." आणि पाहुण्या चाकाच्या खुर्चीवरून येणार म्हटल्यावर सगळ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं की त्या देवदर्शनाला येणार. पाय गेले की माणसाला फक्त देव हवा असतो, मिसळ नको असते, असा या गावाचा ठाम समज होता.

योगिनी एका टूर कंपनीत कामाला होती. लोकांच्या सहली आखणं हा तिचा रोजचा धंदा, पण ही सहल घरची होती. सिन्नरहून तिची कुसामावशी आणि मावशीची शेजारीण नवसाबाई दोन दिवस नाशिक बघायला येणार होत्या. नवसाबाईचे गुडघे गेलेले, ती वॉकर धरून चालायची. मावशीचा उजवा पाय कारखान्यातल्या अपघातात गेला होता. पण मावशीनं घराबाहेर पडणं सोडलं ते पायामुळे नाही. पुतण्याच्या लग्नात हौशी पोरांनी तिला नको नको म्हणत असताना खुर्चीसकट स्टेजवर उचललं. मध्येच एकाचा हात सुटला, मावशी आडवी झाली, लुगडं गुडघ्याच्या वर गेलं आणि व्हिडिओवाल्यानं ते सगळं टिपलं. पुढे तो व्हिडिओ घरोघरी हसत हसत पाहिला गेला. मावशी त्यानंतर कुठल्याच कार्याला गेली नाही.

"मला कुनी उचलनार नसंल तर येते," असं तिनं योगिनीला सांगितलं होतं. योगिनीनं शब्द दिला होता.

शेवटी एक हॉटेल सापडलं. मॅनेजर महेश फोनवर म्हणाला, "रॅम्प आहे मॅडम, काळजीच करू नका." त्यानं फोटोही पाठवला. उतार पुरेसा लांब होता, वर लाल गालिचा. योगिनीनं दाराची रुंदी विचारली, पलंगाची उंची विचारली, बाथरूमला धरायला दांडी आहे का ते विचारलं. मग खोली पक्की केली.

शनिवारी गाडी हॉटेलापाशी थांबली तर रॅम्पशेजारी भलामोठा फ्लेक्स. 'दिव्यांग माता-भगिनींचे हार्दिक स्वागत', आणि खाली हात जोडलेले मालक दिनेशशेठ, स्वागताच्या अक्षरांपेक्षा तिप्पट मोठे. खरे दिनेशशेठही हजर होते. शाल, नारळ, फोटो, पुन्हा एकदा फोटो. नवसाबाईला तर नारळ कुठे धरू आणि वॉकर कुठे धरू, असं झालं. योगिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मावशीनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं. मग तिनं दोन्ही चाकांवर हात ठेवले आणि कुणाचीही मदत न घेता उतार चढून वर गेली. वर पोचल्यावर तिनं मागे वळून पाहिलं आणि ती हसली. त्या हसण्यापायी योगिनीनं फ्लेक्स, शाल आणि दिनेशशेठ, सगळ्यांना माफ करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी गंगापूर रोडला मिसळ खायला गेल्या. अंगण सपाट, टेबलाखाली खुर्ची सरकत होती. मावशीनं दोनदा रस्सा मागवला, नाकाडोळ्यांतून पाणी काढलं आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "लय दिसांनी कुनी बघत नसताना खाल्लं बाई." दुपारभर द्राक्षांच्या बागा पाहून संध्याकाळी त्या हॉटेलवर परतल्या.

रॅम्प नव्हता. गालिचा नाही, फळ्या नाहीत, उघड्या पायऱ्या तेवढ्या. फ्लेक्स मात्र जागच्या जागी हात जोडून उभा होता.

"रॅम्प कुठे गेला?" योगिनीनं विचारलं.

महेशला प्रश्नच समजला नाही. "तो मंडपवाल्याचा होता मॅडम, भाड्यानं आणलेला. पंचवटीत साखरपुडा आहे, तिकडे स्टेजला फळ्या लागतात. आपला कार्यक्रम तर कालच झाला ना?"

योगिनी थक्क झाली. तिनं रुंदी विचारली होती, उंची विचारली होती. रॅम्प उद्याही असेल का, हे मात्र विचारलं नव्हतं. पण असं कोण विचारतं? जिना आहे का म्हटल्यावर तो रात्री काढून तर नेत नाही ना, अशी चौकशी जगात कुणी केली आहे का? या लोकांनी रॅम्प माणसं चढायला आणलाच नव्हता. फोटो चढवायला आणला होता.

"टेन्शन घेऊ नका," महेश म्हणाला. "पोरं फुलासारखी उचलतील मावशींना." चार पोरं बाह्या सारून पुढे आलीसुद्धा.

मावशीनं खुर्चीचा ब्रेक लावला. आवाज जराही न चढवता ती म्हणाली, "उचलायचंच असंल तर ह्या पायऱ्या उचला. मला हात लावायचा नाय."

पोरं जागीच थबकली. जाणारी-येणारी माणसं थांबू लागली, कुणीतरी मोबाइल वर धरला. योगिनी मोबाइलच्या आड यायला निघाली, तर मावशीनं तिला हातानं बाजूला केलं.

"काढ बाबा व्हिडिओ," ती मोबाइलवाल्याला म्हणाली. "ह्या टायमाला मी सरळ बसलीय. आन् तो मागचा फलकबी घे."

निरोप गेला असावा, कारण दिनेशशेठ धावतच आले. मोबाइल पाहताच त्यांना घाम फुटला. त्यांनी त्याच चार पोरांना पंचवटीला पिटाळलं. पोरं टेम्पोत घालून फळ्या परत घेऊन आली. तिकडे नवरा-नवरीला जमिनीवर बसवलं म्हणे, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मावशी काल चढली तशीच आपल्या हातांनी वर गेली.

सोमवारी सकाळी निघायच्या वेळी फळ्या न्यायला टेम्पो फाटकात उभाच होता. फळ्यांच्या दोन्ही बाजूंना पोरं थांबली होती. बिचारी मोठ्या अदबीनं, मावशी कधी खाली उतरतेय याची वाट बघत. मावशी अर्धा उतार उतरली, तिला टेम्पो आणि पोरं दिसली, आणि तिनं मध्येच ब्रेक लावला.

"काही राहिलं का वर, मावशी?" दिनेशशेठनी विचारलं.

"गवंडी बोलवा. पक्कं काम सुरू झालं की मी हालते."

"अहो, पण तुम्ही तर चाललात. आता कुणासाठी?"

"का? माझ्यामागं कुनी येनारच नाय का?"

दिनेशशेठ महेशकडे पाहू लागले आणि महेश फ्लेक्सकडे. नवसाबाईनं वॉकर मावशीच्या खुर्चीमागे आणून टेकवला आणि तीही तिथंच उभी राहिली. योगिनीनं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या आणि ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितलं.