मधवाल्याच्या घरात माशी मोजत नाहीत

मधवाल्यांना लेकीच्या त्या फिलर प्रकरणातलं एवढंच कळलं होतं, की चांगल्या चेहऱ्यात सुया टोचून काहीतरी भरायचं, ते बिघडलं की पुन्हा सुया टोचून विरघळवायचं, आणि दोन्ही वेळेला डॉक्टरांचे आभार आपणच मानायचे. तरी ते तिच्याबरोबर दवाखान्यात आले होते. चिमीचा आदल्या दिवशी फोन आला होता, की बाबा, मला एकटीनं जायची भीती वाटतेय. भीती वाटते असं तोंडाने कबूल करणाऱ्यातली ही पोर नव्हती, म्हणून त्यांनी हातातलं काम टाकलं आणि धुतलेला शर्ट चढवला.

चिमी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर बसून नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची काडी वाकवायची. डोळ्यांखाली तिला खड्डे होते, अगदी आईसारखे. गिऱ्हाइकं चष्मा बघायच्या ऐवजी तिला विचारायची, बरं नाही का तुम्हाला? कंटाळून तिनं एका ठिकाणी जाऊन ते खड्डे भरून घेतले. सुरुवातीला खूश होती. मग खालची कातडी फुगायला लागली, बोटाला गाठी लागायला लागल्या, आणि हसली की तिचाच चष्मा गालांवर चढून भुवयांना टेकायला लागला. चष्मेवालीचाच चष्मा बसेना म्हटल्यावर दुकानात काय चेष्टा झाली असेल ते सांगायला नको. मधवाल्यांना त्या चष्म्याचं काही नव्हतं. त्यांना खुपत होतं ते वेगळंच. पोर रुसली आहे की रडवेली झाली आहे, हे आता त्यांना तिच्या तोंडावरून कळत नव्हतं.

खोली लहानशी होती. मागे कलणारी खुर्ची, तिच्यावर अंथरलेला कुरकुरणारा कागद, वाकवता येणारा दिवा, कोपऱ्यात औषधांचा छोटा फ्रीज. डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या निघाल्या. औषध पाण्यासारखं पातळ असतं, म्हणाल्या. टोचताना चुरचुरेल, आज सूज येईल, कदाचित काळंनिळं होईल. उद्यापर्यंत बरंचसं विरघळेल, राहिलंच तर काही दिवसांनी पुन्हा एकदा करू. एक मात्र आधीच सांगून ठेवते, आरशात बघून घाबरायचं नाही. काही दिवस चेहरा पूर्वीपेक्षाही जास्त खोल गेल्यासारखा दिसतो.

चिमीनं विचारलं, की तो तसाच बसला तर? त्या म्हणाल्या, सहसा नाही बसत, कातडी हळूहळू आपलं आपण भरून काढते. त्या ‘सहसा’वर चिमीचा जीव अडकला. खुर्चीवरच्या कागदाची कडा तिनं मुठीत धरून पार चुरगाळली.

मग बाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, कसली ॲलर्जी आहे का.

“मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी त्रास झालाय? या औषधात जे असतं, तसंच काहीसं त्यांच्या विषातही असतं, म्हणून विचारते.”

सकाळपासून पहिल्यांदाच चिमी हसली. “डॉक्टर, मधवाल्याची लेक आहे मी. आमच्या घरात माशी मोजत नाहीत.”

बाईही हसल्या. मधवाल्यांना मात्र हसू आलं नाही. ते वाक्य त्यांचं होतं.

पहिल्यांदा त्यांनी ते बायकोला उद्देशून म्हटलं होतं. लग्नानंतर काही वर्षं तिला माश्या चावायच्या आणि काही व्हायचं नाही. मग एकदा हात कोपरापर्यंत सुजला. पुढच्या वेळी अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, आणि श्वास लागल्यासारखं वाटलं असं ती म्हणाली. त्या संध्याकाळी घरात पाहुणे होते. मधवाल्याची बायको आणि माशीला भिते, आमच्या घरात माशी मोजत नाहीत, असं त्यांनी तिच्यादेखत सगळ्यांना सांगितलं. पाहुणे पोट धरून हसले. तीही हसली, आणि नंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. त्यानंतर माशी चावली तेव्हा ती अंगणात मधमाश्यांच्या पेट्यांपलीकडे कपडे वाळत घालत होती. चिमी तेव्हा नीट चालतही नव्हती.

हार्टनं गेली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मधवाल्याची बायको माशीनं जाईल हे कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे चिमी तीन वर्षांची असताना तिच्या मानेवर एक माशी चावली. पोरीचे डोळे सुजून मिटले, अंग लालेलाल झालं. तिला उचलून ते दवाखान्यात धावले, ती वाचली. मोठी झाल्यावर तिला सांगितलं, की तुला लहानपणी गोवर निघाला होता. पेट्या त्यांनी गावाबाहेर लांब नेल्या, आणि तिथं तुझं काही काम नाही म्हणून तिला आयुष्यभर दटावलं. मुलगा असतो तर नेलं असतंत, असं ती जाता-येता ऐकवायची. ते ऐकून घ्यायचे. पण धंदा त्यांनी सोडला नाही. सोडला असता तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं.

आता तोंड उघडायला हवं होतं, आणि ते उघडत नव्हतं. आधी हातावर एक थेंब टोचून बघू, असं बाई म्हणाल्या तेव्हा त्यांनी स्वतःची समजूत घातली. थेंबच आहे, थेंबानं काय होतंय. बाईंनी चिमीची बाही वर सरकवली, कापसानं हात पुसला. तळहाताला फुटलेला घाम ते पँटला पुसत होते, आणि आपल्याच पोरीचा हात बघत होते. नाजूक हात होता, आईच्या वळणाचा. एका माशीत असं कितीसं विष असतं?

माश्यांत वावरणारा माणूस कधी झटकन हलत नाही. मधवाल्यांच्या अंगात ते इतकं मुरलं होतं, की घरात भांडं पडलं तरी ते सावकाश वळायचे. ते मधवाले उठले ते खुर्ची पाडूनच. त्यांनी बाईंच्या हातावर झेप घेतली, सुई उडून भिंतीशी गेली, ट्रे खाली आदळला.

“थांबा,” ते म्हणाले. “हिची आई माशी चावून गेली. हार्टनं नाही. आणि हिला गोवर नव्हता निघाला.”

सुईचं टोक टेकलं होतं. आत काही गेलं की नाही, बाईंना सांगता येईना. त्या चिडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला, आणि त्याचीच मधवाल्यांना जास्त धास्ती वाटली. बाईंनी चिमीला आडवं केलं, बोटाला नाडी दाखवणारा चिमटा लावला, वेळ पडली तर द्यायचं दुसरं एक इंजेक्शन भरून हाताशी ठेवलं. मग मधवाल्यांना एकेक विचारत गेल्या. ते सांगत गेले, लपवायचं म्हणून आता काही राहिलंच नव्हतं. हे औषध आज नाही, म्हणाल्या. आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, तोवर गाठी राहू देत. आता अर्धा तास इथून हलायचं नाही.

चिमीच्या हातावर एक लाल ठिपका उठला होता. तिघंही त्याच्याकडे बघत होती. ठिपका खाजतोय, असं चिमी म्हणाली. घसा आवळल्यासारखा वाटतोय का, असं बाईंनी विचारलं. नाही, असं म्हणून ती छताकडे बघत राहिली. ठिपका शर्टाच्या बटणाएवढा झाला. मधवाले भिंतीला टेकले.

“आईनं हाक मारली होती?” चिमीनं विचारलं.

“मारली होती.”

“मग?”

उघडी पेटी टाकून कुणी धावत नाही. माश्या बिथरतात. हे ते सगळ्या नवशिक्यांना पहिल्याच दिवशी शिकवायचे.

“पेटी उघडी होती,” ते म्हणाले. “ती बंद करून गेलो.”

चिमीच्या फुगलेल्या गालांवर काही दिसेना, राग नाही, रडू नाही. चेहरा विरघळला असता तर निदान कळलं तरी असतं, असं त्यांना वाटलं. ती आता आपल्याला बाहेर जायला सांगणार, हे त्यांनी धरूनच टाकलं, आणि तिनं सांगायच्या आत आपणच जावं म्हणून ते दाराकडे वळले.

मागून तिनं दुसऱ्या हातानं त्यांची बाही पकडली. हात थंडगार होता.

“कुठं जाऊ नका,” ती म्हणाली. “इथं बसा आणि बघत राहा.”

मधवाल्यांनी पडलेली खुर्ची उचलून तिच्याजवळ ओढली. ते बसले, आणि त्या ठिपक्यावरून त्यांनी नजर हलवली नाही.