चढावर दम लागणारी गाडी

मित्रांनो, वयाने सोळा वर्षांची, रंगाने राखाडी आणि आवाजाने जरा घोगरी अशी मी एक जुनी डिझेल गाडी आहे. माझा आवाज ऐकून पुष्कळ लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे. कडाक्याच्या थंडीत पहिल्या चावीला सुरू होऊन दाखवा म्हणावं, मग बोलू.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझे पहिले मालक रस्त्यांची मोजणी करायचे. ठरल्या वेळी माझं तेल बदलायचे आणि लांबच्या प्रवासाहून आलो की बॉनेटवर थाप मारायचे. दुसरे मालक रंगाचे दुकानदार. त्यांनी माझी मागची सीट काढून टाकली आणि तिथे रंगाचे डबे रचले. तेल मोजायची कांडी त्यांनी एकदाही ओढून पाहिली नाही. पुढे त्यांनी टेम्पो घेतला आणि मला दुकानामागे उभं केलं. दोन वर्षं माझ्या टपावर मांजरं झोपत होती. मला वाटलं, संपलं आपलं.

मग एका सकाळी एक परिचारिका तिच्या वडिलांना घेऊन मला बघायला आली. ती घरोघरी जाऊन रोग्यांच्या जखमा धुण्याचं, पट्ट्या बांधण्याचं काम करायची. वडील आयुष्यभर प्लंबर होते, नुकतेच घरी बसले होते. त्यांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गुडघे टेकून माझ्याखाली डोकावले आणि म्हणाले, "खाली एक थेंब नाही. डोळे मिटून विकत घे."

अशी मी त्यांच्या घरी आले. बाबांनी मला धुतलं, पुसलं, जुन्या बाजारातून सीट आणून बसवली. त्यांच्या हातांना काम लागायचंच. घरातले सगळे नळ त्यांनी असे आवळून ठेवले होते की त्यांच्याशिवाय ते कुणालाच उघडायचे नाहीत. लेक चिडायची, "बाबा, तोंड धुवायलासुद्धा तुम्हाला हाक मारायची का?" ते म्हणायचे, "पण गळतो का? नाही ना?"

एकदा एका रोगी आजोबांनी तक्रार केली की पट्टीला डिझेलचा वास येतो. पट्ट्यांची पेटी माझ्या डिकीत असायची. बाबांना ते फार लागलं. ते माझ्याभोवती नाक लावून फिरले आणि डिझेलच्या टाकीच्या झाकणापाशी थांबले. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईएवढं एक भोक होतं. बाबांचा चेहरा उजळला. "हे बघ! कारखान्यातच राहून गेलेली गळती!" त्यांनी ते भोक लांबीचा लगदा भरून बुजवलं आणि झाकणाला जाड रबरी वायसर बसवला. वास बराच कमी झाला. सगळ्यांनी वाहवा केली, आणि खरं सांगते, मीही खूश झाले.

पुढच्या आठवड्यात परिचारिकेला टेकडीवरची अकरा घरं मिळाली. तोवर आमच्या फेऱ्या गावातल्या गावात, पाच-दहा मिनिटांच्या होत्या. आता वीस मिनिटं सपाट रस्ता आणि मग चढ. पहिल्याच दिवशी तिसऱ्या वळणावर माझा जीव घाबरा झाला. डिझेल घशात येईचना. मी हिसके दिले, खोकले आणि बंद पडले. पंधरा मिनिटांनी आपोआप बरं वाटलं आणि मी निमूट वर गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मला मेकॅनिककडे नेलं. त्याने डिझेलचा फिल्टर बदलला. दुसऱ्याने नोझल साफ केले. तिसऱ्याने यंत्र जोडलं, पडद्याकडे बघितलं आणि सांगितलं, "गाडी एकदम ठणठणीत आहे." प्रत्येकाने मला चौकापर्यंत नेऊन आणलं, आणि चौकापर्यंत मी खरंच ठणठणीत होते. डॉक्टर समोर आले की काही रोग्यांचा ताप उतरतो ना, तशी माझी गत. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, म्हातारीला चढ झेपत नाही. मला इतका राग आला की काय सांगू!

पण रागावून भागणार नव्हतं. टेकडीवर सगळ्यात वर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांच्या पायाच्या बोटाची जखम चिघळली होती आणि एक दिवसाआड पट्टी बदलली नाही तर बोट कापावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोनदा मी परत परत बंद पडले आणि आम्ही अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. दवाखान्यातल्या मोठ्या बाईंनी परिचारिकेला सांगितलं, "तुझं काम चांगलं आहे गं, पण रोगी किती थांबणार? शनिवारपर्यंत गाडी धड झाली नाही तर टेकडी दुसऱ्या कुणाला तरी देईन." त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "मीच ही घ्यायला लावली. शनिवारी भंगारवाल्याला बोलावतो." दारात उभी राहून मी ते ऐकलं.

शुक्रवारी परिचारिका मला एका शेवटच्या मिस्त्रींकडे घेऊन गेली. बाबाही बरोबर होते. या मिस्त्रींना सगळे 'सावकाश' म्हणायचे, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. परिचारिकेने त्यांच्यापुढे एक वही ठेवली. ती रोग्यांच्या नोंदी ठेवायची तशाच तिने माझ्याही ठेवल्या होत्या. कधी निघालो, कुठे हिसके आले, किती वेळ थांबलो. सावकाशांनी चहा थंड होईपर्यंत वही वाचली.

"ताई, या दोन दिवशी गाडी थेट वर गेली?"

"हो. दोन्ही दिवशी बाबा बरोबर होते, पायथ्याच्या पंपावर झाकण उघडून डिझेल भरलं होतं."

"त्या पंपाचं डिझेलच चांगलं," बाबा म्हणाले.

सावकाश मिस्त्री हसले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

"बॉनेट नाही उघडायचं?" परिचारिकेने विचारलं.

"तिला दुखतं चढावर. इथे पोट दाबून काय कळणार? बिघडेपर्यंत चालवा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बिघडायची मुभा दिली होती. तिसऱ्या वळणावर मी बंद पडले. सावकाश मिस्त्री उतरले ते थेट टाकीपाशी गेले. झाकण त्यांच्याने हललंसुद्धा नाही. शेवटी बाबांनीच ते फिरवलं. आणि "फुस्स" असा लांबलचक आवाज करत माझ्या टाकीत हवा शिरली. मित्रांनो, किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला! चावी फिरताच मी सुरू झाले.

"काका, हवा बाहेर नाही आली, आत गेली," मिस्त्री म्हणाले. "बाटली तोंडाला घट्ट लावून पाणी ओढलं की ती चेपते ना? डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. ते भोक त्यासाठी होतं. पंपावर झाकण उघडलं की हवा आत शिरायची, म्हणून त्या दोन दिवशी ती वर गेली." तरी त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी आम्हाला खाली नेलं, झाकण पुन्हा आवळलं आणि सगळी वाट परत चालवली. मी पुन्हा बंद पडले. तिसऱ्या खेपेला झाकण सैल ठेवलं, आणि मी थेट टेकडीच्या माथ्यावर गेले.

बाबा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. "म्हणजे तीन आठवडे पोरीला मी रस्त्यात उभं केलं."

परिचारिका त्यांच्या शेजारी बसली. "पण बाबा, वास कमी झाला होता हं."

"कमी झाला, गेला नाही ना?" सावकाशांनी विचारलं. "मग गळती आहेच. तुम्ही जागा चुकलात. शोधा बघू."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग रस्त्यावरच फडकं अंथरून ते माझ्याखाली शिरले. बोटं पाइपांवरून इंच इंच फिरू लागली. टाकीत डिझेल ओतायच्या रबरी नळीला, वरून दिसणारच नाही अशा जागी, एक बारीक चीर होती. तिच्यातून हवा आत झिरपायची, पण इतकी हळू की मला पंधरा मिनिटं थांबावं लागायचं. "सापडली!" ते खालूनच ओरडले. संध्याकाळी त्यांनी नवी नळी स्वतः बसवली आणि स्वतःच बुजवलेलं भोक स्वतःच सुईने मोकळं केलं. सावकाशांनी हात लावला नाही, नुसते बघत राहिले.

शनिवारी सकाळी भंगारवाल्याऐवजी परिचारिका माझ्यापाशी आली. न थांबता आम्ही शिक्षिकाबाईंच्या दारी पोहोचलो. त्यांचं बोट वाचलं. गेल्या आठवड्यात त्या काठी घेऊन फाटकापर्यंत आल्या होत्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी गाडी असेल, सायकल असेल, शिलाईचं यंत्र असेल. तिला मोडीत काढण्याआधी तिला कधी दुखतं, कुठे दुखतं, हे नीट पाहा आणि लिहून ठेवा. मग घाई न करणाऱ्या माणसाकडे न्या. एवढंच माझं मागणं आहे.

हल्ली बाबा टेकडीच्या फेरीला पुढच्या सीटवर बसून येतात. तिसरं वळण आलं की ते हळूच माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवतात आणि विचारतात, "काय गं, बरी आहेस ना?" मला बोलता येत नाही. म्हणून मी चढून दाखवते.