उपाशी सेल

वडनेरले दयारामचं सोड्याचं दुकान हाय. तिथं त्याच्या पोरीनं, संजीवनीनं, बस्तान मांडलं व्हतं. तिच्या कॉलेजात गॅसची टाकी येता येईना, अन् बापाच्या दुकानात ती कायम भरेल. तिले तोच गॅस पाह्यजे व्हता, सोड्यात फुसफुसते तो. कार्बन डायऑक्साइड.

तिची बॅटरी म्हनजे रुपयाएवढा सेल. आतमंदी लिथियम धातू. करंट देतानी तो गॅस पेते अन् आतल्या जाळीवर पांढरा थर धरते. चार्ज केला का तो थर निंघाले पाह्यजे. तोच निंघेना. एकदा रिकामा अन् एकदा चार्ज, असा एक फेरा. मांगचे सारे सेल तिसऱ्या फेऱ्याले मेले. यावेळी तिनं जाळीवर नवी पावडर लावली व्हती. सर मनले व्हते, "सोमवारपर्यंत तिसऱ्याच्या पुढं गेला त ठीक, नाई त सेल तपासाची मशीन दुसऱ्याले."

अन् हा त पयल्याच फेऱ्यात आडवा! मशीनवरचा व्होल्टचा आकडा घसरत चालला. झोप नाई, धड जेवन नाई. "जळो थे पावडर," मनून तिनं डबी उचलली अन् कचऱ्याच्या टोपल्यावर धरली.

"दम धर ना बाई," दयाराम मने. "मी त सकाळीच ओलीचा बंदोबस्त करून ठेवला."

"कायचा बंदोबस्त?"

टाकी अन् सेलाच्या मधात, नळीले एक रिकामी बाटली जोडेल व्हती. आता तिच्या तळाले पांढरा भुगा. हात लावला त बाटली कोमट.

"बाबा, हे काय टाकलं?"

"कळीचा चुना. तूच मनली, गॅसात ओल चालत नाई. तुयी आजी पापडाच्या डब्यात चुन्याचाच खडा ठेवे."

"चुना ओल पेते अन् मंग गॅसबी पेते! माहा सेल उपाशी मरून राह्यला! मले इचारलं काऊन नाई?"

"तू बोलू देते का? आली तशी भनभन करून राह्यली."

तिनं पावडरीची डबी जागेवर ठेवली.

दयाराम चपला घालून निंघाला. आला त खिसे फुगेल. बुटाच्या खोक्यात असतात ना, ओल शोषनाऱ्या दान्याच्या पुड्या, त्या. "बुटवाल्या इंद्रभानच्या दुकानातून आनल्या. वर लिवेल हाय, खाऊ नका. हे त गॅस खानार नाईत ना?"

तिले हसू आलं, पन पुरतं निंघालं नाई. तिनं दाने तव्यावर भाजले, बाटली धुऊन, वाळवून भरली, नवा गॅस सोडला. आकडा सावरला.

तिसरा फेरा निंघाला. चौथाबी. पाचव्याले सेलानं मान टाकली.

तिनं धाडलेले आकडे पाहून सोमवारी सरचा फोन आला. "मशीन पंधरा दिवस ठेव अजून. पन पाचव्याले काऊन मेला, थे शोध."

"पंधरा दिवस," मनून संजीवनी भिताडाले टेकून खालीच बसली. पाय लांब केले, डोळे मिटले.

दयारामनं तिच्यासाठी सोड्याची बाटली भराले घेतली.

"नका भरू बाबा. गॅस राहू द्या टाकीत. सादं पानीच द्या."