चाळीस मिनिटांची सरळ रेघ

मी जबलपूरच्या एका प्रसूतिगृहातली मशीन बोलतेय. पोटाला माझा पट्टा बांधला, की आतल्या बाळाचे ठोके मी कागदावर रेघेत उतरवते. हजारो बाळांच्या रेघा काढल्या, पण त्या मंगळवारचा धक्का अजून माझ्या तारांतून गेलेला नाही.

प्रणोतीचा नववा महिना सरत आला होता. सकाळपासून बाळ कमी हलतंय म्हणून तिला आणलं. नवरा रत्नाकर, रिछाईच्या कारखान्यात लेथवर लोखंडी पुर्जे कातणारा. माझी दातेरी, खालीवर होणारी रेघ पाहून तो बेचैन झाला.

"सिस्टर, मशीन खराब आहे काय? काहून इतकी थरथरून राहिली? आमच्याकडं काटा असा हलला, तर पुर्जा सीधा भंगारात!"

नंदा सिस्टर हसली. "बाळ आहे भैया, पुर्जा नाही. हलू द्या. काही वेगळं दिसलं तर घंटी दाबा." आणि ती दुसऱ्या बाळंतिणीकडे धावली.

थोड्या वेळाने रेघेचे दात झिजू लागले. मग ती पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली. ठोक्यांचा आकडा मात्र मिनिटाला एकशे चाळीस, अगदी योग्य.

बाळ झोपलं असेल, मी स्वतःला समजावलं. पण वीस मिनिटं झाली, तीस झाली. मी हादरले. जिवंत काळजाचे ठोके मोजून सारख्या अंतरावर पडत नाहीत. एक नस त्याला पळवते, दुसरी आवरते. त्या ओढाताणीत थोडं वेडंवाकडं होतंच. ते वेडंवाकडं असणं म्हणजेच आत सगळं जागं असणं. मला ओरडायचं होतं. पण मला ओरडता येतं ते आकडा चुकला तरच.

रत्नाकर खूश. "बघ, आता कशी सेटिंग बसली!"

"पण ते हलत नाहीये हो," प्रणोती म्हणाली.

"झोपू दे ना त्याला."

त्याने शाबासकी दिल्यासारखं मला थोपटलं.

चाळीस मिनिटं झाली तेव्हा नंदा सिस्टर आली. "पहा सिस्टर, एकदम सरळ!" म्हणत त्याने हातभर कागद पुढे केला. तिच्या चेहऱ्याचा रंगच उतरला.

"घंटी काहून नाही दाबली, भैया?"

तिने प्रणोतीला डाव्या कुशीवर वळवलं आणि डॉक्टरांना हाका मारत पळाली. पट्टा ओढून काढला गेला, प्रणोतीला स्ट्रेचरवरून नेलं. रिकाम्या खोलीत रत्नाकर माझ्याकडे बघत राहिला. "चांगली तर चालून राहिली होती..."

ऑपरेशन झालं. मुलगी. रडलीच नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, दुसऱ्या मशीनला जोडून.

तिसऱ्या दिवशी रत्नाकर दारात आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. खिशात तोच कागद.

"सिस्टर, तिची रेघ आज थरथरून राहिली," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

आज माझा पट्टा दुसऱ्या पोटावर आहे. रेघ थरथरतेय. तिला थरथरू द्या. आणि सरळ झाली, तर माझ्या आवाजाची वाट पाहू नका. तेवढ्यावर मला ओरडता येत नाही.