कुंपणापेक्षा उंच

झाड सरळ उपटून टाकायचं सोडून त्याची उंची आवरत बसणं प्रफुल्लसारख्या हट्टी माणसालाच सुचावं. अमेरिकेत, मिशिगनच्या नोव्हाय गावातल्या त्याच्या घरामागे लाकडी कुंपण होतं, बरोबर त्याच्या डोक्याएवढं उंच. त्या कुंपणाच्या आत, टोमॅटोच्या वाफ्याला लागून, गांजाची तीन झाडं होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्याकडे बघत त्याच्या बायकोचे, भावनाचे, दिवस चालले होते.

गांजा म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. दोघंही यवतमाळकडचे, दर रविवारी मंडळींबरोबर बुद्धवंदनेला बसणारे. घरात कधी बिअरची बाटलीसुद्धा आली नव्हती. पण दुसऱ्या केमोनंतर भावनाच्या पोटात पाणी ठरेना. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. मग हॉस्पिटलात शेजारच्या खुर्चीतल्या बाईनं तिला गमी, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या दिल्या, आणि त्या संध्याकाळी भावनानं पिठलं-भात मागून खाल्ला. प्रफुल्ल तिच्या ताटाकडे बघत राहिला, मग बाथरूममध्ये जाऊन रडून आला.

मिशिगनमध्ये हे सगळं दुकानात उघड मिळतं. पण दुकानात आयडी स्कॅन करतात, आणि ह्या दोघांचं ग्रीन कार्ड अजून व्हायचं होतं. उगाच कुठे नाव नको म्हणून प्रफुल्लनं डोकं चालवलं आणि ऑफिसातल्या एकाकडून रोपं आणून मे महिन्यात घरीच लावली. झालं, दुकानातलं नाव चुकवायला ह्यानं पुरावाच अंगणात पेरला. राज्याचा नियम काय, तर घरी लावा, फक्त बाहेरून दिसता कामा नयेत. एवढं तर जमेल असं त्याला वाटलं.

जुलैत ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूची तारीख आली, ऑक्टोबरअखेरची. प्रफुल्लनं वकीलबाईंना फोनवर झाडांबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. मग त्यांनी समजावलं ते असं, की राज्याला जे चालतं ते देशाला चालत नाही. नागरिक नसलेल्या माणसानं असं झाड आपलं आहे एवढं कबूल केलं तरी कार्ड हातचं जाऊ शकतं, आणि इथलं राहणंसुद्धा. अर्ज प्रफुल्लच्या नोकरीवर होता. त्याच्यावर काही आलं तर दोघंही जाणार, नोकरी जाणार, इन्शुरन्स जाणार, म्हणजे केमोही जाणार. भावनावर आलं तर फक्त तिचं कार्ड जाणार, प्रफुल्लचं राहणार.

भावना म्हणाली, आजच्या आज उपट. प्रफुल्ल म्हणाला, पुढच्या केमो कशा काढशील मग? ड्रॉवरमध्ये चारदोन गमी उरल्या होत्या. शेजारच्या खुर्चीतली बाई हल्ली येत नव्हती, आणि का येत नाही हे नर्सला विचारायची भावनाची छाती होत नव्हती. खरं सांगायचं तर तिलाही ती झाडं हवी होती. कायद्यापेक्षा तिला उलट्यांची भीती जास्त वाटत होती, आणि ह्याचीच तिला लाज वाटत होती.

“कुंपणाच्या वर जाऊ देत नाही,” प्रफुल्ल म्हणाला. “आपण पऱ्हाटीवाले आहोत.”

पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. ती फार उंच जायला लागली की शेंडे खुडायचे, मग ती उंचीला थांबते आणि बोंडांना जोर येतो. आर्णीच्या शेतात बापाच्या मागे चालत प्रफुल्लनं हे लहानपणापासून केलेलं. त्याच दिमाखात त्यानं अंगठ्याच्या नखानं तिन्ही झाडांचे शेंडे खुडले आणि हात झटकले. पण गांजाला पऱ्हाटीचं काय पडलंय. प्रत्येक खुडलेल्या शेंड्याखालून दोन-दोन फुटवे आले. ते खुडले, तर त्यांचे आणखी. झाडं आधी आडवी पसरली आणि मग सगळी मिळून वर निघाली.

रोपं देणारा ऑफिसातला मित्र पोट धरून हसला. म्हणाला, मे महिन्यात, तेही जमिनीत लावायला कुणी सांगितलं होतं? उशिरा लावायची, कुंडीत लावायची, म्हणजे आपसूक ठेंगणी राहतात. आता निदान फांद्या वाकवून बांध. प्रफुल्लनं भावनाच्या जुन्या ओढण्या फाडून फांद्या जमिनीतल्या खुंट्यांना बांधल्या. संध्याकाळी झाडं मान खाली घालून उभी असत. सकाळी भावना खिडकीशी जाई, तर प्रत्येक फांदीचं टोक पुन्हा वर वळलेलं असे. तिला त्या झाडांचा राग यायला लागला होता. कधीकधी भीतीही वाटायची.

ऑगस्टअखेर फुलं धरली आणि प्रफुल्लचा जीव भांड्यात पडला. फुलावर आलं की झाड उंची सोडतं, असा त्याचा हिशोब. तोही पऱ्हाटीचाच. ही झाडं उलट फुलं धरल्यावरच सुसाट सुटली. दिवस लहान होत गेले तशी टोकं कुंपणावरून डोकावू लागली. आता शेंडे छाटावेत तर फुलांचे भरघोस तुरे नेमके तिथेच, म्हणजे औषधच छाटायचं. वर तो उग्र वास. भावनाची तब्येत बरी नाही असं सांगून प्रफुल्लनं आपल्या घरची वंदना दोनदा पुढे ढकलली. मंडळींनी डबे पाठवायची तयारी दाखवली, तर तेही नको म्हणाला.

आणि मग त्याला ती कल्पना सुचली. धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आलाच होता. त्यानं कुंपणाला उंच बांबू ठोकले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंचशील ध्वज लावले. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. त्या रांगेमागे झाडं झाकली गेली, निदान वारा नसेल तेव्हा.

“पाचवं शील काय आहे, ते तरी आठव,” भावना म्हणाली.

“औषध आहे ते,” तो म्हणाला, आणि बांबूला गाठ मारत राहिला.

भावनाला त्या ध्वजांकडे बघवेना. नशेपासून दूर राहीन असं रोज म्हणायचं, आणि त्याच शीलाच्या ध्वजाआड हे लपवायचं.

इतकी वर्षं त्या कुंपणाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता कुत्र्याला फिरवणारा शेजारचा म्हातारा डेल थांबला, रंगांची चौकशी केली, फोटो काढला आणि कौतुकानं कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी भावनानं तो फोनवर पाहिला. बदाम होते, अंगठे होते. त्यांच्या खाली कुणीतरी विचारलं होतं, ध्वजांच्या मागे ते हिरवं काय दिसतंय? त्याखाली एकानं हसरे चेहरे टाकले होते.

तिनं प्रफुल्लला फोन केला आणि कात्री घेऊन स्वतःच मागे गेली. बुंधा मनगटाएवढा झाला होता. कात्री त्यात रुतली, पण तिच्या हातात जोरच नव्हता. कशीबशी एक फांदी तुटली, आणि तिला तिथेच मटकन बसावं लागलं.

तिनं मान वर केली, तर बाजूच्या फाटकाशी पोलीस उभा होता. तरुण होता, बोलायला अदबशीर. तिच्या डोक्याला बांधलेला रुमाल बघून त्यानं आवाज आणखी खाली आणला. म्हणाला, तक्रार आलीय, झाडं रस्त्यावरून दिसतायत. फार काही नाही, किरकोळ दंड आहे. झाडं कुणाची तेवढं सांगा आणि सही करा, पुढच्या आठवड्यात विसरूनही जाल.

त्याच वेळी प्रफुल्लची गाडी ड्राइव्हवेत शिरली. तो धावतच मागे आला, गळ्यात ऑफिसचा बिल्ला तसाच. पोलिसाला बघून क्षणभर थबकला, आणि मग पुढे होत त्यानं तोंड उघडलं. तो काय म्हणणार हे भावनाला पक्कं ठाऊक होतं. तिचा नवरा होता तो.

“दे आर माइन,” भावना म्हणाली. “माय हजबंड नोज नथिंग.”

प्रफुल्ल मराठीत काहीतरी पुटपुटला. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. पोलिसानं मान डोलावली, प्रामाणिकपणाबद्दल थँक यू म्हणाला, आणि नाव विचारलं. भावना कुंपणाला धरून उभी राहिली. मग तिनं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि त्याला नीट लिहिता यावं म्हणून एकेक अक्षर सावकाश सांगितलं.