हळद लागलेला कोपरा

डोणगावापासून दोन कोसांवरच्या त्या गावात कुणी वारलं, की माणसं आधी लाकडं गोळा करायला धावत आणि मग इंद्रभानाकडे येत. इंद्रभान चार बुकं शिकलेला, पण त्याचं अक्षर वाफ्यातल्या कांद्याच्या रोपांसारखं ओळीत उभं राहायचं. मळ्यात मोट चालू असली तरी तो बैल सोडून यायचा, हातपाय धुऊन ओट्यावर बसायचा, पाटावर पोस्टाची कार्डं मांडायचा आणि दौतीत टाक बुडवून, एक शब्द न बोलता, ज्याच्या त्याच्या सोयऱ्यांना कळवायचा की अमका अमक्या दिवशी देवाघरी गेला. शेवटचं कार्ड वाळलं की तो एकेक कार्ड हातात धरी आणि त्याचा खालचा कोपरा अंगठ्याने नि पहिल्या बोटाने नखाएवढा तोडून टाकी. कोपरा तुटलेल्या कार्डाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नसे. ते घरात नेत नसत. दारातच वाचायचं, फाडायचं, अंगणात नेसत्या कपड्यांनिशी पाणी अंगावर घ्यायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. तीस वर्षं इंद्रभानाने हे केलं. त्याबद्दल कधी कुणाकडून सुपारीचं खांडही घेतलं नाही.

त्या वर्षी माघात मात्र त्याला पहिल्यांदाच स्वतःच्या घरची कार्डं लिहायची होती, आणि तीही लग्नाची.

त्याची एकुलती एक लेक मनकर्णा. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं, मांडवाच्या बल्ल्याही येऊन पडल्या होत्या. आठ दिवस उरले असताना नवरदेवाचा बाप गेला. कोपरा तुटलेलं कार्ड इंद्रभानाच्याच दारात आलं. लग्न पुढे गेलं, पुढे गेलं, आणि मग त्या लोकांनी दुसरीकडे सोयरीक केली. पोरीच्या पायगुणाबद्दल लोक बोलायला लागले. ती तेव्हापासून विहिरीवर सगळ्यांच्या आधी जाऊन यायची. आता चिखलीच्या शेषरावांनी आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली, वैशाख शुद्ध सप्तमी धरली, तेव्हा इंद्रभानाला वाटलं की छातीवरचा दगड कुणीतरी हलक्या हाताने उचलला.

त्या साली मुहूर्त थोडे होते. एकेका तिथीवर चार चार लग्नं पडायची आणि सोयरे वाटले जायचे. पत्रिका छापून यायला चैत्र उजाडणार. म्हणून इंद्रभानाने ठरवलं, की आधी साध्या कार्डावर तिथी तेवढी कळवून ठेवायची. सुभद्राबाई, त्याची बायको, म्हणाली की शुभाची गोष्ट पाकिटात घालून पाठवावी, बंद असावी, दृष्ट लागत नाही. इंद्रभान हळूच म्हणाला, "बंद ठेवून ठेवूनच लोकाईले बोलाले जागा भेटली. उघडं जाऊ दे. पोस्टमन वाचीन, शेजारी वाचीन. जो वाचीन तो पोरीले बरंच म्हणन."

डोणगावहून त्याने बारा कार्डं आणली. अकरा घरांना लिहायचं होतं, एक खराब झालं तर असावं म्हणून जास्तीचं. दिवसभर बसून त्याने अकरा कार्डं लिहिली: चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी मनकर्णा हिचे लग्न वैशाख शुद्ध सप्तमीस करण्याचे ठरले आहे, पत्रिका मागून येईल, तो दिवस मोकळा ठेवावा. मनकर्णाने वाटीत हळद भिजवून दिली आणि त्याने प्रत्येक कार्डाच्या चारी कोपऱ्यांना बोट लावलं. दुसऱ्या दिवशी पोस्टमन मोतीराम आला तेव्हा गठ्ठा त्याच्या पिशवीत गेला. उघडं कार्ड न वाचता पुढे जाऊ देणं मोतीरामाला पापासारखं वाटायचं. पहिलं कार्ड त्याने तिथेच मोठ्याने वाचलं आणि गुळाचा खडा घेऊनच उठला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी इंद्रभानाने चष्मा काढायला डबी उघडली, तर आतून काहीतरी त्याच्या मांडीवर पडलं. कार्डाचा एक तिकोनी तुकडा होता, नखाएवढा. त्याला हळद लागलेली होती.

तो कितीतरी वेळ त्या तुकड्याकडे पाहत बसला. डोक्याने काही आठवेना, पण बोटांनी तो आकार ओळखला. तीस वर्षांची सवय. शेवटचं कार्ड वाळलं असेल, चित्त दुसरीकडे असेल आणि बोटांनी आपलं काम केलं असेल. एक कार्ड तसंच गेलं होतं. कुणाचं? ते चिखलीला गेलं असेल तर? घरात कुणाला काही न सांगता त्याने तो तुकडा पुन्हा डबीत ठेवला आणि सकाळी मळ्यातली वांगी नि ओला लसूण टोपलीत भरून तो निघाला.

सुभद्राबाईने विचारलं तर म्हणाला, सोयऱ्यांना मळ्यातलं नेऊन देतो, तेवढंच तोंडाने सांगणंही होईल. जन्मात कुणाच्या दारी आपणहून न गेलेला माणूस अकरा घरं हिंडायला निघाला, याचं तिला हसू आलं. असंच चाललं तर लग्नात भाजी विकत आणावी लागेल, असं ती मनकर्णाला म्हणाली.

पहिल्या दिवशी त्याने जवळची तीन गावं पायी केली. प्रत्येक घरी चहा घ्यायचा, पिकापाण्याचं बोलायचं आणि मग सहज विचारल्यासारखं विचारायचं, की कार्ड पोचलं का, दाखवा बरं, अक्षर नीट आलं का पाहतो. तिन्ही घरांत कार्ड निघालं. चारी कोपरे शाबूत होते. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही. जितकी घरं कमी होत होती तितका उरलेल्या घरांचा भार वाढत होता. रात्री झोप यायची नाही आणि दिवसा बसवत नसे. दुसऱ्या दिवशी मेहकरच्या एस. टी. त कंडक्टर तिकीट तपासायला घेऊन म्हणाला, "बाबा, तिकीट खाल्लं का काय?" इंद्रभानाने पाहिलं. तिकिटाचा कोपरा तुटलेला होता. तुकडा त्याच्या दोन बोटांच्या मधे होता.

मेहकरात त्याची बहीण रुखमाबाई राहायची. तिने भावाला पाहिलं आणि पाट मांडला, पण तिचे डोळे त्याच्या तोंडावरून हलेनात. कार्ड तिने साखरेच्या डब्यातून काढून दिलं. ते शाबूत होतं. इंद्रभानाने ते चारदा फिरवून पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, "दादा, लग्नाचं सांगाले माणूस येते त बत्तासे आणते. तू त कारडच पाहाले आला." मग थोडं थांबून, आवाज उतरवून म्हणाली, "खरं सांगू? तुहं अक्षर दिसलं अन् अंगणात पाणी काढून ठेवलं मी. पयले कोपरे पाह्यले, मंग वाचून घेतलं. तुह्या हातचं चांगलं कारड या घरात कधी आलंच नोतं रे."

ती हसत बोलली, आणि इंद्रभानही हसला. पण परतताना ते वाक्य त्याच्याबरोबर चालत राहिलं. आपलं अक्षर पाहून आणखी किती घरांत पाणी काढलं गेलं असेल? तीस वर्षं आपण लोकांना कळवायला जात होतो, की त्यांच्या दारात काही नेऊन ठेवत होतो?

चिखलीला तो पाचव्या दिवशी गेला. ते घर त्याने मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. दहा घरं शाबूत निघाली होती, म्हणजे आता तुटलेलं कार्ड असलं तर इथेच. शेषराव बाजारात गेले होते. विहीणबाईंनी टोपली उतरून घेतली, आणि इंद्रभान काही विचारण्याआधीच त्याला देवघरात नेलं. कार्ड देवाच्या फळीवर उभं करून ठेवलं होतं, त्याला कुंकू वाहिलेलं होतं. चारी कोपरे पिवळे, चारी जागच्या जागी.

इंद्रभानाने भिंतीला हात टेकला.

"काऊन आले हो एवढ्या दुरून?" विहीणबाई म्हणाल्या. "काही अडचण त नाई ना?"

"नाई. वांगे बरे आले होते."

त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "मले पोरगी आवडली म्हणून मी सगळ्याईशी भांडून हे जुळवलं, बुवा. मागचं सगळं ठाऊक हाय आमच्या घरात. त्या दिवसाले आता कशाचाच खंड नाई पडला पाहिजे. एकदा का तिथी हलली, त मंग मी एकटी काही करू शकत नाई." त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. आपलंच माणूस आपल्याला अडचण सांगतं तसं त्यांनी सांगितलं.

परतीच्या गाडीत इंद्रभान खिडकीशी बसला. शेतांत हरभरा पिवळा पडला होता. अकराची अकरा कार्डं शाबूत होती, पोरीचा दिवस शाबूत होता. त्याने डबी उघडली. तुकडा होता तिथेच होता, त्याची हळद जराही उडाली नव्हती. हा मग कशाचा?

दिवस मावळायच्या बेताला तो घरी पोचला. सुभद्राबाई अंगणात उभी होती. तिच्या पायाशी पाण्याची बादली होती, वर तांब्या होता. ओट्याच्या कडेला दगडाखाली एक कार्ड ठेवलेलं होतं.

तिने सांगितलं, की दुपारी मोतीराम आला, सायकलवरून उतरलासुद्धा नाही, कार्ड दगडाखाली सारून गेला. वाचून दाखव म्हटलं तर त्याने ऐकलं नाही असं केलं. मोतीरामाने न वाचता ठेवलेलं हे पहिलंच कार्ड. मनकर्णा डोणगावला वाण्याकडे गेली होती. तिच्या दृष्टीस पडू नये म्हणून सुभद्राबाई तेव्हापासून तिथेच उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कोपरा तिला दिसला होता.

"कोणाचं गेलं?" तिने विचारलं. "अन् हळद लावलेल्या कारडाचा कोपरा कोन तोडते हो?"

इंद्रभानाने दगड बाजूला केला. कार्डावर डोणगावचा शिक्का होता. तीन कोपरे पिवळे होते, चौथा नव्हता. पत्ता त्याचाच होता, आणि अक्षरही त्याचंच; कांद्याच्या रोपांसारखं सरळ, ओळीत. त्याने कार्ड उलटलं. मनकर्णाचं नाव कुठे नव्हतं. लग्नाचा शब्द नव्हता. पत्रिका मागून येईल असं नव्हतं. मधोमध फक्त दोन ओळी होत्या. वैशाख शुद्ध सप्तमी. तो दिवस मोकळा ठेवावा.

डबीतला तुकडा त्याने काढला आणि तुटल्या जागी लावला. तुकडा तंतोतंत बसला.

तो आत गेला नाही. अंगणातूनच त्याने सुभद्राबाईला सांगितलं, की कोनाड्यात दौतीमागे एक कोरं कार्ड ठेवलेलं आहे ते आण. ती आत जाऊन आली. दौत होती, टाक होता. कार्ड नव्हतं.

"सांगा ना, कोणाचं हाय?"

"आपलंच हाय," तो म्हणाला. "लग्नाचंच. पोस्टात फाटलं असंन. कोनी गेलं नाई." तिला ते पटावं म्हणून तो हसलाही. ती मोठा श्वास टाकून ओट्यावर बसली आणि सुपात निवडायला घेतलेली तूर पुढ्यात ओढली. इंद्रभान उभाच राहिला. कार्ड त्याने बारीक बारीक फाडलं. फाडताना त्याच्या डोक्यात एकच हिशोब चालला होता. माणूस घरातच मेला तर सुतक त्याच घटकेला लागतं. माणूस लांब, कुणी ओळखत नाही अशा गावात मेला, तर आधी कुणीतरी पत्ता शोधावा लागतो, कार्ड आणावं लागतं, लिहावं लागतं. कार्ड पोचायला तीन दिवस तरी लागतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तीन दिवसांत पोरगी चिखलीला नांदायला लागलेली असते.

"कन्यादानाले," तो सावकाश म्हणाला, "तुह्या भावाले बसवू. रंगरावले अन् वहिनीले."

सुभद्राबाईने सुपातून मान वर केली. "आता हे काय? अन् तुम्ही कुठं जाऊन राह्यले त्या दिवशी?"

"मले तो दिवस मोकळा ठेवा लागते."

तिला हसू आलं. आयुष्यभर या माणसाने एक दिवस मोट बंद ठेवली नाही आणि आता लेकीच्या लग्नात मोकळा बसणार म्हणतो, असं काहीतरी ती बोलली आणि सूप पाखडत राहिली. वाटेच्या वळणावर मनकर्णा वाण्याकडून येताना दिसत होती. तिच्या हातात हळकुंडांचा पुडा होता. इंद्रभानाने तिच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग तो बादलीपाशी गेला, अंगातली बंडी, डोक्यावरचं पागोटं काहीही न काढता तांब्या भरला, आणि माघाच्या त्या गारठ्यात ते पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं.