नव्या फुटसालाच्या हार्दिक शुभेच्छा

फुटसाल म्हणजे फुटबॉलचं साल, असं आमच्या देशाच्या फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांनी बैठकीत सांगितलं, तेव्हा कोणी हसलं नाही. अध्यक्षांसमोर हसायचं ते त्यांनी विनोद केल्यावर, आणि हा काही विनोद नव्हता. जागतिक संघटनेने विचारलं होतं की पुरुषांच्या राष्ट्रीय संघांचं आंतरराष्ट्रीय फुटसाल तुमच्या देशात भरवाल का. अध्यक्षांनी लगोलग होकार कळवून टाकला. एक साल साजरं करायचं म्हणजे करायचं काय? कमानी, फलक, भाषणं, फार तर एखादी चित्रकला स्पर्धा. या कामात आमच्या देशाचा हात धरणारं कोणी नाही.

सगळ्यांत मोठा फलक मी शिवला. माझं शिवणाचं दुकान महासंघाच्या कचेरीच्या अगदी समोर आहे, आणि अध्यक्षांच्या बाईसाहेब माझ्या जुन्या गिऱ्हाईक. पिवळंधमक कापड आणि त्यावर निळ्या कापडातून कापून शिवलेली, वीतभर उंचीची अक्षरं: 'नव्या फुटसालाच्या हार्दिक शुभेच्छा'. शुभेच्छांमधल्या 'च्छा'ने माझ्या मशीनच्या सुया खाल्ल्या. मलाही वाटलं नाही की काही चुकतंय. फलकावर लिहिलेलं असलं की खरंच असणार, असं माणूस धरून चालतो, आणि शिवणाऱ्याला तर प्रत्येक अक्षर फक्त कडांपुरतं दिसतं.

तो फलक अख्खा उन्हाळा कचेरीच्या दर्शनी भिंतीवर झळकला. मग एक दिवस जागतिक संघटनेचा तपासनीस मोजपट्टी घेऊन दाखल झाला. त्याला फलक दाखवला, कमान दाखवली, चित्रकलेत पहिलं आलेलं चित्रही दाखवलं. तो म्हणाला, छान आहे, पण हॉल कुठाय? चिटणीस म्हणाले, साल साजरं करायला हॉल कशाला, आम्ही चौकाचौकात करणार. तपासनिसाने मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली आणि दुसरा प्रश्न टाकला: "आणि तुमचा संघ?"

त्या दुपारी फलक उतरला. पाचपाच जणांचा, बंद हॉलमध्ये, लहानशा जड चेंडूने खेळायचा खेळ म्हणजे फुटसाल, हे कळल्यावर अध्यक्ष म्हणाले, "मला ठाऊकच होतं. मी तुमची परीक्षा घेत होतो." चिटणिसांनी मान डोलावली आणि राष्ट्रीय संघ शोधायला बाहेर पडले. रस्ता ओलांडून सरळ माझ्या दुकानात आले, कारण उन्हात त्याहून लांब जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"टेलरबाई, तुमचे मिस्टर संध्याकाळी काहीतरी खेळतात ना?"

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. कित्येक वर्षं संध्याकाळी एका इमारतीच्या तळघरात, जिथे गाड्या लावतात तिथे, बस कंडक्टर, गुरांचे डॉक्टर, पोहायला शिकवणारे मास्तर आणि अशीच आणखी दोनचार मंडळी यांच्याबरोबर चेंडू खेळतात. तळघरात पाचापाचाच्या वर माणसं मावत नाहीत म्हणून पाच. त्यांचा चेंडू टप्पाच घेत नाही. कंडक्टरने स्वस्तात आणलेला, म्हणून सगळे त्यांना वर्षानुवर्षं शिव्या घालत होते. तपासनिसाने तो चेंडू हातात घेऊन दाबला, गुडघ्याच्या उंचीवरून सोडून पाहिला आणि म्हणाला, हाच. अगदी असाच लागतो. कंडक्टर त्या दिवसापासून इतके ताठ चालायला लागले की त्यांना कप्तान करावंच लागलं.

आणि गोलात हे. ह्यांच्या तोंडी देश, अभिमान असले शब्द येत नाहीत. त्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले, "अगं, खरी जाळी असेल."

"म्हणजे?"

"आमचा गोल खडूने काढलेला. दोन खांबांच्या मधली भिंत. चेंडू आत गेला तरी भिंतीवर आपटून खाली पडतो. जाळीत गेलेला चेंडू कसा वाजतो, ते मी कधी ऐकलंच नाही. एकदा खऱ्या जाळीपुढे उभं राहायचंय. एवढंच."

"पण तुमचं काम चेंडू जाळीत न जाऊ देण्याचं ना?"

"तेही करीन," हे म्हणाले.

ह्यांचा एक गुडघा जिना उतरताना कुरकुरतो आणि दुसरा चढताना. यंदा नाही तर कधीच नाही, हे दोघांनाही कळत होतं.

सराव सुरू झाला आणि अध्यक्ष जावयाला घेऊन आले. जावई उंच, गोरा, केस असे की वाऱ्याचीही हिंमत होऊ नये. विम्याचं काम करतो. "गोलकीपर उंच हवा," अध्यक्ष म्हणाले. "फोटोत वरची जागा रिकामी दिसते." जावयाने पूर्वी कधी गोल अडवला होता का, असं गुरांच्या डॉक्टरांनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "तो आमच्या घरात आलाय, आता त्याला अडवून धरण्याची सवय झाली आहे." ह्यावर हसायचं होतं, सगळे हसले.

हे राखीव झाले. मी शर्ट शिवायचं काम घेतलं होतं, त्यात गोलकीपरचा शर्ट एकच सांगितला गेला. मी चिटणिसांना म्हटलं, राखीवाला नको का? तर म्हणाले, गोलात एकच उभा राहतो, शर्ट दोन कशाला. शर्ट नसेल तर हे मैदानात उतरणारच कसे? घरी सांगितलं, तर हे स्क्रू-ड्रायव्हरने दाराची ढिली कडी घट्ट करत होते. ती काही इतकी ढिली नव्हती.

"राखीव म्हणजे काय अगं," ते कडीला म्हणाले. "लिफ्टमध्येही एक राखीव ब्रेक असतो. त्याची वेळ येऊ नये, हेच बरं."

मला ते अजिबात बरं वाटलं नाही.

उतरवलेला फलक माझ्याकडेच आला होता. चिटणिसांचा निरोप होता, पुसापुशीला वापरा. मी अक्षरं उसवली. निळं कापड निघालं, पण खाली अक्षरं तशीच. उन्हाने सगळं पिवळं कापड विटून गेलं होतं, फक्त अक्षरांखालचं मूळ रंगात राहिलं होतं. सोड्यात भिजवलं, मिठाच्या पाण्यात उकळलं, दगडावर घासलं. शुभेच्छा जाता जाईनात. शेवटी कापड असं फिरवून बेतलं की पुढची बाजू कोरी आली आणि 'हार्दिक' अख्खा पाठीवर. त्याच्याखाली नंबर टाचला, आत जाड शिवण घातली, कोपरांना अस्तर लावलं आणि शर्ट घडी घालून सुई-दोऱ्याच्या पिशवीत ठेवला. ह्यांना बोलले नाही. न घातलेला शर्ट दाखवून काय करायचं?

सामन्याच्या दिवशी, कसाबसा उसना मिळवलेल्या हॉलमध्ये, मला राखीव खेळाडूंच्या बाकामागची खुर्ची मिळाली, कोणाचं काही उसवलं तर असावी म्हणून. शेजारी बाईसाहेब, आणि आमच्या मागच्या रांगेत अध्यक्ष, चिटणीस आणि दुसऱ्या कुठल्या कुठल्या खेळांचे अध्यक्ष. समोरचा संघ कुठल्यातरी अशा देशाचा की जिथे मुलं बहुतेक चेंडूसकट जन्मतात. चेंडू त्यांच्या पायाला चिकटून फिरत होता. आमचे कप्तान पहिल्यांदा त्याला शिवले ते मध्यावर परत ठेवताना.

जावयाच्या बाबतीत खोटं बोलणार नाही, पहिला चेंडू त्याने अडवला. पोटाने. त्यानंतर त्याने फुटसालविषयी आपलं मत बनवलं आणि प्रत्येक चेंडू आला की तो अतिशय डौलात बाजूला व्हायला लागला. मांडीवर एक बसला, कानाजवळून एक गेला, केस विस्कटले. मग त्याने दोन्ही हात वर करून सासऱ्यांकडे बघत जोरजोरात हलवले. अध्यक्षांनीही उठून हात हलवले. ते उठले म्हणून सगळी रांग उठली आणि सगळ्या खेळांच्या अध्यक्षांनी हात हलवले.

"टेलरबाई," बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "जावई माझा मरतोय का हो तिथे?"

"मरत नाहीत, बाईसाहेब. लागतंय फक्त. तो चेंडू दिसतो लहान, पण जड असतो."

बाईसाहेब मागे वळल्या. "अहो, त्याला बाहेर काढा."

"काहीतरीच काय?" अध्यक्ष म्हणाले. "एकदा बाहेर काढला की संपलं, परत आत घेता येत नाही. उद्या पेपरात येईल, सासऱ्यानेच जावयाला बाहेर काढलं. पोरीला काय सांगू?"

तेव्हा मला कळलं की एवढ्या दिवसांत, फुटसाल हे साल नाही एवढं सोडून, या खेळातलं त्यांना कोणी काहीच सांगितलेलं नाही. तळघरात कंडक्टर फोन घ्यायला बाहेर जायचे, बोलून झालं की आत यायचे, खेळ आपला चालूच.

"साहेब," मी म्हटलं, "ह्या खेळात तसं नाही. बाहेर काढायचं, पाणी पाजायचं, परत आत घ्यायचं. वाटेल तितक्या वेळा."

"जावयाला?"

"कोणालाही."

बाईसाहेब म्हणाल्या, "अगं बाई. हा नियम घरी असता तर."

अध्यक्षांनी चिटणिसांकडे पाहिलं. चिटणिसांनी मैदानाकडे पाहिलं. "असा नियम आहे का हो?"

"आहे, साहेब."

"मग मला का नाही सांगितलं?"

"आपण विचारलं नाहीत, साहेब."

"बघताय काय अहो," बाईसाहेब म्हणाल्या. "पोराचा कान लाल झालाय."

निरोप खाली बाकापर्यंत पोचायच्या आत मी पिशवी उघडली होती. हे मागे वळले आणि माझ्या हातातला शर्ट बघून म्हणाले, "अगं, हे काय?"

"घाला. भांडू नंतर."

हे रेषेपाशी जाऊन उभे राहिले. जावई असा धावत आला की संबंध सामन्यात आमच्या बाजूने कोणी इतकं जोरात धावलं नव्हतं. हे आत गेले आणि गोलापुढे उभे राहिले. उभं राहण्याआधी जाळीला हात लावून आले, नव्या घराच्या भिंतीला लावतात तसा.

पहिलाच चेंडू आत गेला. जाळी वाजली. भर्रकन झालेला एक मऊ आवाज, तागा उलगडावा तसा. आणि हे वळून जाळीकडे बघत राहिले. हसत होते.

"पुढे बघा हो, पुढे," कप्तान ओरडले. "मागचं झालं ते झालं."

दुसराही गेला. तोही ह्यांनी नीट ऐकला. मला वाटलं, आता माणूस ऐकतच बसणार. पण मग त्यांचा सगळ्यांत चपळ खेळाडू एकटाच सुटून आला, आमचे चौघं कुठे होते विचारू नका, आणि हे पुढे सरसावले. तळघरात खांबामागून कोणी आलं की सरसावतात तसे. कुरकुरणारा गुडघा खाली टेकला, हात पसरले, आणि चेंडू छातीवर आदळून तिथेच पडला. टप्पा घेत नाही ना तो. हे त्याच्यावर आडवे झाले.

हॉल उठला. आमची माणसंही उठली, समोरच्या देशाची चार माणसं होती तीही. बाईसाहेबांनी माझा दंड इतका दाबला की काकणं रुतली.

हे उठेनात. चेंडू पोटाशी धरून पडून राहिले. कप्तान ओरडत होते, "सोडा, सोडा आता", कारण गोलकीपरने चार सेकंदांच्या आत चेंडू सोडायचा असतो. पण तळघरात कधी कोणी सेकंद मोजले होते? पंचाने शिट्टी वाजवली, समोरच्यांना फटका मिळाला आणि त्यांनी शांतपणे गोल केला. जाळी पुन्हा वाजली. ह्यांना त्याचं काहीच वाटलेलं दिसलं नाही. धरायचं ते ह्यांनी मन भरेपर्यंत धरून घेतलं होतं.

खेळ संपत आला तसं अध्यक्षांना फोटोची आठवण झाली. जावई पाणी पिऊन, केस विंचरून तयारच होता. शेवटच्या शिट्टीला गोलात तो होता. नियमच तसा आहे.

हे बाहेर येऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसले. शर्ट घामाने चिंब झाला होता आणि ओल्या कापडावर पाठीवरचं अक्षर न् अक्षर लख्ख उमटलं होतं. वाचता येणाऱ्या प्रत्येकाने वाचलं असणार. वार्ताहरांनी तर नक्कीच. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता: 'यजमानांचा धुव्वा, हार्दिकची एकाकी झुंज'. अध्यक्षांनी समारोपाच्या भाषणात तीनदा 'आपला हार्दिक' म्हटलं आणि खाली बसल्यावर चिटणिसांना विचारलं, हा हार्दिक कोण?

मी शर्ट धुते, पण सोडा घालत नाही.

परवा एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. हे जाळीच्या दारातून आत वाकले तर आतल्या बाईंनी विचारलं, "अहो, तुम्ही तो हार्दिक ना?" घरी येऊन पाय धुता धुता ह्यांनी मला सांगितलं.

"मग काय म्हणालात?"

"हो म्हटलं."

ह्यांनी टॉवेल घेतला, तोंड पुसलं, आणि टॉवेलाच्या आतूनच म्हणाले, "अडकलेल्या माणसाशी कशाला वाद घालायचा?"